जुन्या गाडीचा आवाज नेमका कुठून येतो? इंजिन आणि स्टिअरिंग तपासण्याचा क्रम

वापरलेली गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात काहीतरी वाजायला लागतं. मग मालक एकतर गाणी मोठ्याने लावतो, नाहीतर गॅरेजमध्ये जाऊन "स्टिअरिंग रॅक गेलाय वाटतं" असं निदानच सांगून टाकतो. मेकॅनिक मागितलेलं काम करून देतो, हजारो रुपये जातात आणि खटखट तशीच राहते, कारण दोष लिंक रॉडमध्ये, म्हणजे सस्पेन्शनच्या एका छोट्या दांड्यात होता. इंजिनाच्या बाबतीतही हेच होतं. "टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) वाजतात" म्हणून हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडला जातो आणि आवाज निघतो सायलेन्सरच्या सैल पत्र्याचा.

आवाज ऐकून भागाचं नाव ठरवायला जाऊ नका. धातूची टकटक दहा ठिकाणांहून येते आणि कानाला जवळपास सारखीच लागते. आवाज कधी येतो, कशाने वाढतो आणि काय केल्यावर थांबतो यावरून भाग सापडतो. खालचा क्रम पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅक आणि सेदानसाठी आहे. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. गाडी घेण्याआधी तपासत असाल तरी क्रम हाच, फक्त आठवा टप्पा गॅरेजमध्ये करून घ्या.

## तयारी: आदल्या रात्रीपासून

१. गाडी रात्रभर उभी राहू द्या. थंड इंजिनाचे पहिले काही सेकंद दिवसातून एकदाच मिळतात आणि सगळ्यात जास्त माहिती तेच देतात. विकत घेणार असाल तर विक्रेत्याला आधीच सांगा, "सकाळी येतो, तोपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी. "जरा गरम करून ठेवली होती" ही नेहमीची सबब आहे.

२. गाडी रिकामी करा. डिकीतला जॅक, पाने, दारातल्या बाटल्या, डॅशबोर्डवरची मूर्ती, ग्लोव्ह बॉक्समधली चिल्लर, सगळं बाहेर. नंबर प्लेट आणि बॅटरीचा क्लॅम्प हलवून पाहा. स्टेपनी घट्ट आवळा. कित्येक "सस्पेन्शनचे" आवाज इथेच संपतात.

३. सपाट जागी इंजिन ऑइलची पातळी पाहा. डिपस्टिकवर खालच्या खुणेच्या जवळ असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल भरून मगच पुढे जा. कमी ऑइलवर आवाज तपासणं म्हणजे चुकीच्या उत्तराची हमी. ऑइल बदलल्याचं स्टिकर असेल तर ग्रेड वाचा. मॅन्युअल ५डब्ल्यू-३० सांगत असताना २०डब्ल्यू-५० भरलेलं आढळलं, तर कुणीतरी जाड ऑइलने आवाज दाबलेला असू शकतो.

४. आपल्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ सांभाळायला टायमिंग चेन आहे की बेल्ट, हे माहीत करून घ्या. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं आणि स्विफ्ट, डिझायरमध्ये पूर्वी येणारं १.३ लिटरचं डिझेल इंजिन चेनवाली. जुन्या सँट्रोचं १.१ लिटर इंजिन बेल्टचं. बेल्टच्या इंजिनात चेनची खडखड शोधण्यात वेळ घालवू नका.

५. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे की इलेक्ट्रिक ते पाहा. बॉनेटखाली स्टिअरिंग ऑइलची छोटी टाकी दिसली तर हायड्रॉलिक. जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ, बोलेरो या त्या प्रकारच्या. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं, त्यात ऑइलच नसतं. अशा गाडीला कुणी "पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टॉप-अप करतो" म्हणाला, तर तिथून निघा.

सोबत एक मदतनीस, टॉर्च, पाण्याची स्प्रे बाटली, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आणि रेकॉर्डिंगसाठी फोन एवढं पुरे.

## टप्पा १: थंड इंजिनाचे पहिले तीस सेकंद

एसी, ब्लोअर, म्युझिक बंद. काचा खाली. बॉनेट उघडं. मदतनीस चावी फिरवेल, तुम्ही इंजिनापासून हातभर अंतरावर उभे राहून रेकॉर्डिंग करा. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही.

सुरू होताच एक-दोन सेकंद खडखड होऊन शांत झालं आणि आवाज चेनच्या कव्हरकडून आला, तर चेन ताणून धरणाऱ्या हायड्रॉलिक टेन्शनरपर्यंत ऑइलचा दाब उशिरा पोहोचतोय. ऑइल बदलायला सतत उशीर झालेल्या गाड्यांत हे हमखास आढळतं. खडखड जास्त वेळ टिकली किंवा गरम इंजिनावरही आली तर चेन ताणली गेलेली असू शकते. चेनने दात सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

हलकी टिकटिक थोड्या वेळात विरली आणि इंजिनात हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारे) टॅपेट असतील, तर ते ऑइलने भरले गेले. ऑइल आणि फिल्टर बदला, एवढंच.

टिकटिक इंजिन तापत जाईल तशी पाच-दहा मिनिटांत हळूहळू कमी झाली, तर दोन शक्यता उरतात. बोथट, खोल आवाज असेल तर पिस्टन थंडपणी सिलिंडरमध्ये सैल बसतोय. टिकटिकीसोबत फुसफुस असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं गॅस्केट गळतंय. तापल्यावर धातू फुगतो आणि फट बुजते. मॅनिफोल्डच्या जोडावर टॉर्च मारा, काजळीचा काळा पट्टा दिसला की खात्री. याच आवाजाला टॅपेट समजून हेड उघडण्याची चूक सर्वात जास्त होते.

इशारा: ऑइलच्या दाबाचा लाल दिवा सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला नाही, किंवा चालताना पेटला, तर इंजिन लगेच बंद. "घरापर्यंत नेतो" असं करू नका.

## टप्पा २: आवाज इंजिनाचा की चाकांचा?

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि नेमके तिथेच फसतात.

१. रिकाम्या, सपाट रस्त्यावर ५०-६० च्या वेगात आवाज आला की आरपीएम लक्षात ठेवा.

२. त्याच वेगात क्लच दाबा, ॲक्सिलरेटर सोडा. इंजिन आयडलवर (पाय न लावता चालणाऱ्या सर्वात कमी वेगावर) आलं, गाडी मात्र धावतेय. आवाज गेला तर तो इंजिन, क्लच किंवा त्यांच्यावरच्या भाराचा. राहिला तर चाकं, टायर, बेअरिंग, ब्रेक.

३. थांबा. न्यूट्रलमध्ये तेच आरपीएम गाठा. आवाज आला तर तो इंजिन फिरण्याचा. नाही आला तर तो भाराखालीच येतोय, म्हणजे माउंटिंग, एक्सेल, नॉकिंग (चौथ्या टप्प्यात पाहा) किंवा टर्बोची नळी.

इशारा: धावत्या गाडीची चावी बंद करून "इंजिनाचा आहे का बघू" असा प्रयोग कधीही नाही. स्टिअरिंगला लॉक लागू शकतो आणि ब्रेकची मदत जाते. उतारावर तर विचारही नको.

४. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं असेल तर रस्ता बदला. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला तर टायर. नाही बदलला तर मोकळ्या जागी हलकेच डावी-उजवी वळणं घ्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग संशयित. पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाडीत हा आवाज काही आठवड्यांनी डोकं वर काढतो.

## टप्पा ३: बेल्टची बाजू

इथला बेल्ट म्हणजे टायमिंग बेल्ट नव्हे, तर अल्टरनेटर, एसी फिरवणारा बाहेरचा पट्टा. कुईकुई, किंचाळी किंवा घरघर या पट्ट्याकडून येत असेल तर इंजिन आयडलवर ठेवून बेल्टच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. सैल कपडे, ओढणी, घड्याळ, हात पट्ट्यापासून लांब.

पाणी पडताच आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत किंवा बेल्ट झिजलाय. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे, घसरतोय. काहीच फरक नाही, तर बेअरिंग.

बेअरिंग कुठलं, हे पाहायला मेकॅनिककडून बेल्ट काढून घ्या आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा. अनेक गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर असतो, म्हणून जास्त वेळ नाही. बॅटरीचा दिवा पेटेल, ते ठीकच. घरघर थांबली की इंजिन बंद करून अल्टरनेटर, आयडलर, टेन्शनर, पंप यांच्या पुली हाताने एकेक फिरवा. खरखर लागेल तो भाग दोषी. एसी लावल्यावरच घरघर येत असेल तर कॉम्प्रेसर. उलट एसी बंद असताना येते आणि लावल्यावर जाते, तर कॉम्प्रेसरच्या पुलीचं बेअरिंग. त्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलायची गरज सहसा नसते.

## टप्पा ४: इंजिनातली टकटक, वरची आणि खालची

आधी स्वस्त शक्यता निकालात काढा. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डवरचे पत्रे, म्हणजे हीट शील्ड, इंजिन थंड असताना हाताने हलवा. ठराविक आरपीएमलाच येणारी पत्र्याची झणझण बहुतेकदा इथली. एक क्लॅम्प लावून विषय संपतो.

सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलवर स्विच करा. सीएनजी किटच्या इंजेक्टरांची टिकटिक मोठी असते आणि तिला टॅपेट म्हणून बिल लावलं जातं. पेट्रोलवर आवाज गेला, तर बॉनेट बंद करा. गेला नाही तर मात्र व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट तपासून घ्या, कारण सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत क्लिअरन्सला स्क्रू नसतो, योग्य जाडीची बकेट (टॅपेटची वाटी) किंवा शिम (पातळ चकती) बदलावी लागते. "टॅपेट टाइट केले" असं कुणी दहा मिनिटांत म्हणाला, तर कुठली बकेट बदलली हे विचारा.

आता स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनाच्या एकेका जागी टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला. फिरणाऱ्या भागांपासून लांब. व्हॉल्व्ह कव्हर, चेन कव्हर, इंजेक्टर, ब्लॉकचा मधला भाग, ऑइल संप (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी), या क्रमाने. आवाज जिथे सर्वात टोकदार तिथून तो निघतो. इंजेक्टरची बारीक टिकटिक सगळ्यांची सारखी असेल तर ती त्यांची नेहमीची चाल आहे. एखादाच वेगळा वाजत असेल तर लक्ष द्या.

गतीही मोजता येते. व्हॉल्व्ह चालवणारा कॅमशाफ्ट हा पिस्टन फिरवतात त्या क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. ८०० आरपीएमच्या आयडलवर एका टॅपेटची टिकटिक सेकंदाला सहा-सात वेळा येते. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला वाजणारा ठोका याच्या दुप्पट. कानाला जमत नसेल तर फोनचं रेकॉर्डिंग संथ करून ऐका.

खालून, संपकडून येणारा जड ठकठक ठोका हा सगळ्यात वाईट. तो गरम झाल्यावर वाढतो आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर किंवा सोडतानाच्या क्षणी स्पष्ट होतो. हे कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या दांड्याचं बेअरिंग असू शकतं. पेट्रोल गाडीत पडताळणी अशी: आयडलवर एकेका इंजेक्टरचं इलेक्ट्रिक कनेक्टर काही सेकंद काढा. ज्या सिलिंडरला ठोका लक्षणीय मऊ झाला, तो दोषी. स्पार्क देणारी कॉइल काढून हा प्रयोग करू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. नंतर चेक इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनरने तो घालवता येतो.

इशारा: कॉमन रेल डिझेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात) इंजेक्टरचा पाइप सैल करून सिलिंडर तपासायची जुनी पद्धत वापरू नका. त्या पाइपात हजार बारपेक्षा जास्त दाब असू शकतो, धार कातडी फोडून आत जाते.

ठोका खात्रीने खालचा असेल तर गाडी टो करून न्या. विकत घेणार असाल तर किंमत पाडत बसू नका, नाही म्हणा. बेअरिंगचं कवच फिरलं की क्रँकशाफ्ट खराब होतो आणि खर्चाचा अंदाज कुणीच देऊ शकत नाही.

घाटात चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर रेटताना येणारा, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज वेगळा. ते नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन वेळेआधी किंवा अनियंत्रित पेटणं. आधी गिअर खाली घ्या. खंबाटकीच्या चढावर चौथ्यात कुंथत जाणारी गाडी आजारी असतेच असं नाही. तरीही येत राहिलं तर कार्बन, गरम चालणारं इंजिन, नॉक सेन्सर या क्रमाने पाहा.

डिझेल टर्बो गाडीत भाराखाली फुसफुस, ओढ कमी आणि काळा धूर एकत्र आले, तर टर्बो बदलायच्या आधी इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) रबरी नळ्या आणि क्लॅम्प पाहा. नळी फाटून सुटलेली असते.

## टप्पा ५: क्लच आणि माउंटिंग

गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. क्लच दाबल्यावर सूंसूं येते तर रिलीज बेअरिंग. क्लच सोडलेला असताना येते आणि दाबल्यावर जाते तर गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट बेअरिंग. इंजिन सुरू-बंद करताना किंवा क्लच सोडताना धप्प बसत असेल तर इंजिन माउंटिंग, गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन. हॅन्डब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडताना मदतनीसाने बाजूने इंजिनाकडे पाहावं. इंजिन जास्त उचललं गेलं की कळतं. गाडीसमोर कुणी उभं राहायचं नाही.

## टप्पा ६: स्टिअरिंग, गाडी उभी असताना

१. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे हळूहळू पूर्ण फिरवा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

२. हायड्रॉलिकमध्ये टोकाकडे घूं वाढली तर टाकीतली पातळी पाहा. ऑइलमध्ये फेस असेल तर हवा शिरलीय, म्हणजे कुठेतरी गळती आहे. नुसतं भरून भागणार नाही. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल वापरा. टोकाला नेल्यावर कुईकुई असेल तर तिसऱ्या टप्प्यातला बेल्ट.

३. इलेक्ट्रिकमध्ये मोटरची हलकी गुणगुण चालते. आता स्टिअरिंग मधोमध ठेवून बोटभर डावी-उजवीकडे झटपट हलवा. डॅशबोर्डखाली टकटक आली तर मदतनीसाने पायांजवळच्या कॉलम शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटवर बोटं ठेवावीत. वरचा भाग आधी फिरतो आणि खालचा किंचित उशिरा, असं जाणवलं तर जॉइंट सैल. तो घट्ट असेल तर मोटर आणि वर्म गिअरमधल्या रबरी कपलिंगची चौकशी करा. काही मॉडेलमध्ये ही छोटीशी कपलिंग झिजते आणि वेगळी मिळते. तरी कोटेशन पूर्ण कॉलमचं दिलं जातं. काम जाणकाराकडूनच, कारण कॉलमला एअरबॅगची वायरिंग असते.

४. मदतनीस स्टिअरिंग फिरवत असताना बॉनेटखालच्या शॉकअपच्या वरच्या टोकाकडे पाहा, स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला हलका हात लावा. वेढ्यांच्या मध्ये बोटं अजिबात घालू नका. स्प्रिंग अडकून मग टण्ण करून उडी मारत असेल तर वरचं स्ट्रट माउंट बेअरिंग गेलंय. कोपऱ्यावर वळताना करकर येते तीही बरेचदा याचीच.

५. स्टिअरिंगच्या चकतीतच खसखस होतेय, हॉर्न अधूनमधून बंद पडतोय किंवा एअरबॅगचा दिवा लागलाय? क्लॉक स्प्रिंग, म्हणजे चकतीमागची हॉर्न-एअरबॅगच्या तारांची गुंडाळी. हाताने उघडू नका.

## टप्पा ७: हळू वेगात

मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये पूर्ण वळवून, थोडा ॲक्सिलरेटर देत गोल फिरा. कटकटकट आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सेलचा चाकाकडचा सांधा. दुसऱ्या दिशेनेही फिरा, फरक लिहून ठेवा. मग चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. रिमवर ग्रीस उडालेलं आणि रबरी बूट फाटलेला दिसला की शंका उरत नाही. बूट फाटलाय पण आवाज नाही, अशी गाडी लवकर सापडली तर नवा बूट आणि ग्रीस यात काम निभावतं. (टू-व्हील ड्राइव्ह बोलेरो, स्कॉर्पिओच्या पुढच्या चाकांना हा जॉइंट नसतो, तिथे थेट पुढे जा.)

आता पेव्हर ब्लॉकचा किंवा खड्ड्यांचा रस्ता, १०-१५ चा वेग. खटखट आली तर तीन गोष्टी करा.

पहिली, ब्रेक हलका दाबून ठेवत तोच रस्ता घ्या. खटखट थांबली तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपर सैल.

दुसरी, स्पीड ब्रेकर सरळ, दोन्ही चाकं एकाच वेळी चढतील असा घ्या. मग तिरका घ्या, एकेक चाक चढेल असा. तिरका घेतानाच वाजतं आणि सरळ घेताना नाही, तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचे (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या बारचे) रबरी बुश. दोन्ही चाकं एकदम उचलली की स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही, म्हणून तो गप्प राहतो. इतका स्वस्त भाग आणि इतकी साधी चाचणी, तरी रॅकचं बिल आधी निघतं.

तिसरी, स्टिअरिंग सैल हाताने धरा. प्रत्येक खटखटीबरोबर हातात ठोका जाणवला तर टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅकचा बुश, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारे भाग. जाणवला नाही आणि आवाज पायांखालून आला तर लोअर आर्म (चाक गाडीच्या खालच्या बाजूला जोडणारी दांडी), त्याचा बॉल जॉइंट, शॉकअप.

## टप्पा ८: जॅकवर

मागच्या चाकांमागे दगड किंवा लाकडी ठोकळे, हॅन्डब्रेक, सपाट काँक्रीट. गाडीसोबतच्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. जॅक स्टँड नसेल तर हा टप्पा गॅरेजच्या लिफ्टवर.

चाक हवेत असताना घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवा, आत कुणीतरी स्टिअरिंग स्थिर धरेल. खटका लागला तर टाय रॉड किंवा रॅक. १२ आणि ६ वर खटका लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग; मदतनीसाने ब्रेक दाबल्यावर तो गेला तर बेअरिंग. दोन्हीकडे खटका लागला तरी बेअरिंगच आधी. शेवटी चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, खरखर बोटांना कळते.

इशारा: बॉल जॉइंट किंवा टाय रॉडमध्ये डोळ्याला दिसेल इतका खेळ असेल तर हायवेवर जाऊ नका. जॉइंट निसटला की चाक दुमडतं.

## टप्पा ९: गॅरेजमध्ये काय सांगायचं

भागाचं नाव सांगू नका. असं सांगा: "थंड असताना येत नाही. १०-१५ च्या स्पीडला, एकच चाक खड्ड्यात गेलं की डावीकडून वाजतं. ब्रेक दाबला तरी थांबत नाही." रेकॉर्डिंग ऐकवा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर फिरवा. चेक इंजिनचा दिवा असेल तर कोड वाचून लिहून घ्या, मगच तो घालवू द्या.

एका वेळी एकच भाग बदला आणि लगेच तीच चाचणी पुन्हा करा. लिंक रॉड, बुश, टाय रॉड, माउंटिंग एकदम बदलले की आवाज कशाने गेला हे कधीच कळत नाही, आणि महिन्याने परत आला तर पुन्हा शून्यापासून. काढलेले भाग मागून घ्या, खेळ हाताने पाहा. शंका असलेला लिंक रॉड मेकॅनिकने तात्पुरता काढून गाडी जवळच्या जवळ अगदी हळू फिरवून पाहिली तरी चालते. आवाज गेला तर नवा घ्या.

ऑइलमध्ये टाकायची "आवाज कमी करणारी" बाटली कुणी पुढे केली तर नको म्हणा. काही दिवस दबलेला आवाज तुमच्याच निदानाचा पुरावा पुसतो.

टाय रॉड, लोअर आर्म किंवा रॅकला हात लागला असेल तर त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करा. करून आल्यावर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध राहतं का ते पाहा. तिरकं असेल तर तिथेच परत जा, आणि मेकॅनिक चकती काढून सरळ बसवायला निघाला तर थांबवा. दुरुस्ती टाय रॉडवर व्हायला हवी.